वासनळीचा अर्ज

आळेफाट्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रकचे फाळके, शेताची फाटकं, कांदाचाळींचे सांगाडे, पडेल ते काम मी गेली पंचवीस वर्षं करतो आहे. फाट्यावर माझी ओळख दोन गोष्टींसाठी. माझा जॉइंट सुटत नाही, आणि माझं तोंड सुटलं की आवरत नाही. पहिल्या गोष्टीचा मला अभिमान आहे. दुसऱ्या गोष्टीचाही बरीच वर्षं अभिमानच होता. आपल्या मनात काही राहत नाही बुवा, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो. त्याच तोंडानं मी एका सरळ माणसाचं नाव भर बाजारात घालवलं, आणि चूक कळल्यावर तेच तोंड सात महिने शिवल्यासारखं बंद ठेवलं. ही हकिकत आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याला थोडी सोयीची करून सांगितली. इथे तसं करायचं नाही असं ठरवलं आहे.

गोष्ट एका नळीची आहे. आमचं गाव आणे पठारावर, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला. पाणी बेताचं, पण कांदा चांगला येतो. उन्हाळी कांदा काढायचा, चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत सांभाळायचा, हा आमच्याकडचा जुगार. चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचं, हवा खेळती राहील असं लांबट गोदाम. पण कांदा सडतो तो ढिगाच्या पोटात. एक कांदा पाणी सोडतो, शेजारच्याला लावतो, आणि बाहेर वास येईपर्यंत आत पाट्याच्या पाट्या गेलेल्या असतात. मग अख्खी चाळ उपसायची, बायका लावून निवडायची आणि पुन्हा भरायची. त्या हलवाहलवीत चांगला कांदाही मार खातो.

माझ्या बायकोला हा वास सगळ्यांच्या आधी येतो. सकाळी चाळीच्या कडेनं जाताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, इथे लागलंय. आम्ही हसायचो, आणि आठवड्याभरानं नेमका तिथेच सडका निघायचा. एका पावसाळ्यात मी तिला चेष्टेनं म्हटलं, तुझं नाक लांब करून ढिगात खुपसता आलं असतं तर काय पाहिजे होतं. ती म्हणाली, मग करा की, लोकांची फाटकं करता तसं बायकोचं नाक करा. ती हे बोलून भाकऱ्या थापायला गेली आणि मी मात्र त्यावर विचार करत बसलो.

पाइपला भोकं पाडायची आणि कांदा भरतानाच तो ढिगात आडवा ठेवायचा. त्याचं एक तोंड चाळीच्या भिंतीतून बाहेर, टोपण लावलेलं. टोपण काढून तिथे जुन्या हॉर्नचा रबरी फुगा लावायचा, दाबून सोडायचा, म्हणजे ढिगाच्या पोटातली हवा ओढली जाऊन नाकाशी येते. दर चार हातांवर एक नळी, प्रत्येकीला नंबर. ज्या नंबरची नळी घाण मारेल तेवढाच कोपरा उघडायचा. पहिल्या हंगामात ही युक्ती महिन्याभरात बंद पडली, कारण कांद्याच्या पापुद्र्यांनी सगळी भोकं बुजली. ती कशी मोकळी ठेवायची हे सुचायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी पाइपात दुसरा बारीक पाइप घातला, त्यालाही तशीच भोकं. बाहेरचा दांडा अर्धा वळसा फिरवला की दोन्हींची भोकं समोरासमोर येतात, उलटा फिरवला की बंद होतात, आणि फिरताना आतल्या पाइपची धार अडकलेला पापुद्रा कापून टाकते. बस, एवढंच. बायकोनं तिला वासनळी नाव दिलं आणि त्या वर्षी आमचा कांदा दिवाळीपर्यंत धड राहिला.

आता मला ती विकायची होती. एकेक नळी हातानं करून ते जमणार नव्हतं. कारखान्यात साचा करून घ्यायला हवा होता, आणि साच्याचा खर्च माझ्या खिशाबाहेरचा होता. बँकेत गेलो. साहेबांनी सांगितलं, याच वस्तूचं बाजारातलं कोटेशन आणा. मी म्हटलं, साहेब, ही वस्तू बाजारात नाही म्हणून तर करायची आहे. ते म्हणाले, मग किंमत बरोबर आहे हे आम्ही कशावरून धरायचं? पुण्यात एका कॉलेजात नव्या कल्पनांना पैसे देतात असं कुणीतरी सांगितलं, तिथेही गेलो. माझ्या निम्म्या वयाची तीन पोरं समोर बसली होती. माणसं चांगली, पाणी विचारलं, काका म्हणाली. पण तुमची टीम कोण असं विचारल्यावर मी म्हटलं, मी आणि बायको, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. परत येताना एसटीत ती नळी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारचा म्हणाला, बोअरचं काम करता का?

शेवटी पैसे दिले ते शेठजींनी. आमचा कांदा आजोबांच्या वेळेपासून त्यांच्याच आडतीला जायचा. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले होते. घरात ते लोक आपसात मारवाडी बोलायचे, पण बाजारात शेठजींचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त आमच्याकडचं होतं. त्यांनी नळीबद्दल नुसतं ऐकून घेतलं नाही. एका रविवारी पठारावर आले, आमच्या चाळीजवळ उकिडवे बसले आणि सातही नळ्यांना एकेक करून नाक लावलं. पाचव्या नळीशी थांबले. तो कोपरा उघडायला लावला. सडका कांदा त्यांनी स्वतः हातानं काढला आणि हात धुवायच्या आधीच म्हणाले की साच्याचा आणि पेटंट घ्यायला लागणाऱ्या वकिलाचा खर्च मी करतो. चालली तर चार आणे हिस्सा, बुडाली तर माझं नशीब. अट एकच होती.

“भाऊ, कागद व्हईस्तवर ही नळी कुणाला दावायची न्हाई. आपल्या धंद्यात बोललेलं चालतं. ह्यात न्हाई चालत.”

मी शब्द दिला. नमुना म्हणून एक नळी त्यांनी मागितली. ती मी गोणपाटात गुंडाळली, वरून बाइंडिंगची तार पिळली आणि त्यांच्या गोदामात ठेवली. वकिलीणबाई पुण्याच्या, वयानं लहान पण कामाला पक्क्या. त्यांना नळीची चित्रं हवी होती, सगळ्या बाजूंनी, मापं घालून. मला लोखंड म्हणाल तसं वाकवता येतं, पण कागदावर साधा खिळा काढायला सांगितला तर तो गाजरासारखा दिसतो. चित्रांत श्रावण गेला, भाद्रपद गेला. अर्ज तसाच राहिला आणि दसरा आला.

माझी सासुरवाडी शिनोलीची, आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेवर. तिकडे दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं घासून पुसून अंगणात मांडतात. विळे, कोयते, फवारणीचा पंप, शेजारी झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर. कुणी नवीन यंत्र घेतलं की ते आधी पूजेला यायचं, भावकी जमायची, नारळ फुटायचा आणि मग ज्याचं यंत्र त्यानं ते चालवून दाखवायचं. त्याशिवाय ते लाभत नाही असं म्हणतात. त्या वर्षी सासऱ्यांचा निरोप आला की जावयानं काहीतरी काढलंय म्हणे, ते पूजेला पाहिजे.

इथे माझ्या साडूबद्दल सांगायला हवं. साडू सरकारी नोकरीत आहे, पुण्यात राहतो. वीस वर्षं सासरी गेलं की त्याला खुर्ची आणि मला पंप. सण कुठलाही असो, मी पोहोचलो की कुणाची तरी मोटर नाहीतर पंप बिघडलेलाच असायचा, आणि मी ठेवणीतले कपडे काढून पान्हा हातात घ्यायचो. सासरच्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझ्या मनात ते साचत गेलं होतं. म्हणून निरोप आल्यावर माझा पाय जमिनीवर राहिला नाही. नळी गाडीत ठेवताना बायकोनं विचारलं, शेठजींनी दाखवू नका म्हटलंय ना? मी म्हटलं, पूजेला ठेवायचीय, दाखवायची थोडीच आहे. तिनं पुढे काही विचारलं नाही, कारण आता काही बोललं की मी भडकणार हे तिला तोंडावरूनच कळतं.

शिनोलीत त्या दिवशी मला खुर्ची मिळाली. सासऱ्यांनी स्वतः मला फेटा बांधला. अंगणात भावकी, सोयरे, शेजारी, मुंबईहून सणाला आलेली माणसं, सगळे मिळून शे-दीडशे तरी असतील. नारळ फुटला आणि कुणीतरी म्हणालं, आता सांगा पावणं, हे काय हाय. समोर पहिल्याच रांगेत साडू उभा होता. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नळी उचलली. बाहेरचा पाइप, आतला पाइप, अर्धा वळसा, धार, पापुद्रा कसा कापला जातो, सगळं सांगितलं. मागून एक म्हातारे म्हणाले की ऐकू आलं नाही, तेव्हा नळी उघडून आतला पाइप वर धरून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मेहुणा मोबाइल धरून समोर उभा होता. मला तो दिसत होता. त्याला नीट दिसावं म्हणून मी पाइप जरा त्याच्या बाजूला वळवला. साडूनं शेवटी येऊन माझा हात हातात घेतला, आणि खरं सांगतो, मला त्या दिवसाइतकं बरं क्वचित वाटलं असेल.

दिवाळीनंतर वकिलीणबाईंकडे सह्या करायला गेलो. त्यांनी एकेक प्रश्न वाचून विचारले. ही वस्तू आधी कुठे विकली आहे का? नाही. कुठे छापून आली आहे का? नाही. कुठे चारचौघांत दाखवली आहे का, प्रदर्शन, मेळावा, व्हिडिओ? मी नाही म्हटलं. शिनोली तेव्हा आठवलीच नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. आठवली होती. पण ती पूजा होती, आणि पूजा म्हणजे प्रदर्शन नव्हे, असं मी मनातल्या मनात एका क्षणात ठरवून टाकलं. जमलेली माणसं परकी नव्हती. जावयाचं कौतुक बघायला आली होती. त्यांना दाखवणं म्हणजे दाखवणं असतं, हे मला खरोखर पटलं नसतं. तरी बाईंना तेवढं सांगून विचारायला काय हरकत होती? हरकत एवढीच की त्या अर्ज थांबवतील अशी मला भीती वाटली. मी सही केली.

अर्ज गेला, शेठजींच्या पैशांतून साचा झाला, पहिल्या हंगामात पठारावरच्या बऱ्याच चाळींत आमच्या नळ्या गेल्या. त्याच हंगामात, वैशाखात, मी वायसर आणायला एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर दाराशी पिवळ्या रंगाच्या नळ्यांची मोळी उभी. मी एक उचलून दांडा फिरवला. अर्धा वळसा. आत दुसरा पाइप, त्याला धार. किंमत आमच्या निम्मी. माल नाशिककडून येतो, असं दुकानदार म्हणाला.

शेठजींच्या मुलीचं सासर नाशिकचं, आणि जावई प्लास्टिकच्या पिंपांच्या व्यापारात. माझ्या डोक्यात एवढी दोनच वाक्यं एकाशेजारी एक आली आणि मला बाकी काही नको होतं. आमचा माल बाजारात येऊन महिनाच झाला होता, एवढ्यात कुणाचा साचा होत नाही; त्याआधी नळी माझ्याशिवाय कुणाकडे होती? शेठजींकडे. मी ना कुणाला फोन केला, ना बायकोला विचारलं. ती पिवळी नळी विकत घेतली, गाडीवर आडवी टाकली आणि थेट कांदा बाजारात गेलो.

लिलाव चालू होता. कांद्याचे ढीग ओतलेले, शेतकरी आपापल्या ढिगाशी उभे, हमाल, गाडीवाले, आमच्या गावचेही आठ-दहा जण. शेठजी लिलावाच्या घोळक्यात होते. मी ती नळी त्यांच्या पायाशी टाकली.

“शेठ, जावयाला किती आण्यांनी दिली आमची नळी?”

त्यांनी नळीकडे बघितलं. मग म्हणाले, भाऊ, आत बसून बोलू. मी म्हटलं, आत बसूनच विकलीत ना, आता इथेच बोला. ते पुन्हा काहीतरी सांगायला लागले, पण माझं तोंड सुटलं होतं. आमचा घाम खाल्ला तो खाल्ला, आता डोकंही खाल्लं, असं म्हणालो. लोक हसले. ते हसणं मला चढलं. आणि मग मी म्हणालो,

“तीन पिढ्या हितं ऱ्हायला, पर आमचे न्हाई झाला.”

आता कुणी हसलं नाही. कुणी मला गप्पही केलं नाही. माझ्या आजोबांनी कांदा ज्यांच्या विश्वासावर न मोजता टाकला, त्यांच्या नातवाला मी हे म्हणालो, आणि मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी एकदा बोलायलाच पाहिजे होतं. शेठजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि लिलाव थांबवू नका एवढंच हमालांना म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मी विजयी होऊन दुकानात आलो आणि दिवसभर येईल त्याला सांगत सुटलो.

बाजारात भांडण वगैरे काही झालं नाही. नुसती माणसं सरकली. पठारावरच्या दोन गाड्या शेजारच्या गाळ्याला लागल्या, मग चार, मग कुणी मोजलं नाही. ज्याला भाव पटला नव्हता त्याला आता कारण मिळालं, ज्याची शेठजींशी कधी कुरबूर झाली होती त्याला जुनं आठवलं. नळीचं ऐकलंस ना, असं म्हणून माणसं नजरेनंच बोलायची. तीन पिढ्या उभी असलेली आडत, तिच्या दारात सकाळी बसायला जागा नसायची, तिथे गणपतीपर्यंत दोन हमाल तंबाखू मळत बसलेले दिसायला लागले.

आणि त्याच गणपतीच्या सुमाराला वकिलीणबाईंचा फोन आला. अर्ज तपासणाऱ्यांनी हरकत घेतली होती. बाईंनी विचारलं, काका, तुम्ही शिनोलीत काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही, का? त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि आधी बघून घ्या म्हणाल्या.

दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून मी तो बघितला. मेहुण्यानं वर लिहिलं होतं, आमच्या दाजींचा शोध. त्यात मी होतो, फेटा बांधलेला, कपाळाला गुलाल. आवाज खणखणीत. पाइप उघडून आतली धार दाखवतो आहे, ती मोबाइलकडे वळवतो आहे, आणि मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सगळं समजावून सांगतो आहे. नाशिककडच्या कुणाला नळी चोरायची काहीच गरज पडली नव्हती. मी ती दोनदा शिकवली होती. बाई शांतपणे म्हणाल्या की अर्जाच्या आधी जगानं पाहिलेली वस्तू कायद्यात नवी राहत नाही, दाखवणारा स्वतः असला तरीही. पूजेचं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी तेव्हा विचारलं होतं, काका.

रात्री जेवण झाल्यावर बायकोला व्हिडिओ दाखवला. तिनं पूर्ण बघितला, त्यात ती स्वतःही एका कडेला ताट घेऊन उभी होती. मला वाटलं ती पैशांचं बोलेल, साच्याचं बोलेल.

“शेठजींस्नी सांगाया कवा जाताय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, उद्या.

तो उद्या सात महिने आला नाही. काय काय कारणं काढली मी. शेठजींनी विचारलं कुठे आहे? लोक विसरलेच असतील, आता उकरून काढलं तर पुन्हा चर्चा. त्यांची आडत तशीही उतरणीला लागलीच होती, पोराला त्यात रस नव्हता म्हणे. हे म्हणे मीच म्हणत होतो, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं. एक दिवस मेहुण्याला फोन करून तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्यानं का विचारलं, तर मी म्हटलं, वकिलानं सांगितलंय. वकिलीणबाईंनी असलं काही सांगितलं नव्हतं. फाट्यावरून गावात जाताना शेठजींचं घर वाटेत लागतं, तर मी मागच्या बाजूनं, गॅरेजच्या चिखलातून गाडी घालायला लागलो. बायको मागे बसलेली असली की तीही काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं मला पाठीत कळायचं.

चैत्रात एक हमाल दुकानात आला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून गेला. शेठजी आडत बंद करत होते, गोदाम रिकामं होत होतं. आत एक चिठ्ठी होती, ही तुमची वस्तू, माझा हिस्सा मी सोडला. मी ते गोणपाट सोडायला गेलो आणि हात थांबला. वरच्या तारेचा पीळ माझा होता. प्रत्येक वेल्डर आपल्या हाताचा पीळ ओळखतो. मी डावरा आहे, माझा पीळ उलटा बसतो. शेठजींनी ती नळी जावयाला सोडाच, स्वतःसुद्धा पुन्हा उघडून बघितली नव्हती. मी शब्द दिला होता आणि त्यांनी पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आता ते घराजवळच्या छोट्या किराणा दुकानात बसत होते, जे आधी त्यांचा मुलगा बघायचा. मला बघून त्यांनी बसायला स्टूल सरकवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दसरा, फेटा, व्हिडिओ, सही, सात महिने.   एक बाई गूळ मागायला आली, तिला त्यांनी गूळ जोखून दिला, सुटे परत दिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,

“मला कशाला सांगता, भाऊ? म्या नळी इकली न्हाई, हे मला म्हाईतच व्हतं.”

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, संकोचानं. मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले की सांगायचंच असेल तर जिथे बोललात तिथे सांगा.

पुढचा लिलाव होता त्या दिवशी बाजारात गेलो. शेठजींच्या गाळ्यावर दुसऱ्याची पाटी लागली होती. माणसं मात्र तीच, आमच्या गावची, शेजारच्या गावांची. मी एका कांद्याच्या ढिगाशी उभा राहून मोठ्यानं सांगितलं की शेठजींनी नळी विकली नव्हती, ती मीच शिनोलीत सगळ्यांना दाखवली होती, मी खोटा आळ घेतला. लोक जमले, शांतपणे ऐकलं. एकानं विचारलं, व्हिडिओ कुठंय? मी म्हटलं, काढून टाकला. वकिलीणबाईंचं पत्र नेलं होतं, पण ते इंग्रजीत होतं, एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आणि घडी होऊन माझ्याकडे परत आलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची वाटली. शेठनं पाठवलं का तुम्हाला, असं एकानं हळूच विचारलं. मी नाही म्हटलं तर तो समजल्यासारखा हसला.

मी पुन्हा सांगितलं. त्यांचा काहीच दोष नव्हता, सगळा माझा होता, असं आणखी मोठ्यानं सांगितलं. आमच्या गावचे एक वडीलधारे पुढे झाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमचं मन मोठं हाय, भाऊ. ज्यानं बुडवलं त्यालाबी झाकताय.”

भोवतीच्या माना हलल्या. मी बोलत राहिलो, आणि जितकं बोलत होतो तितका त्यांच्या डोळ्यांत मी मोठा होत होतो. शेवटी मी थांबलो. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला, पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि मी तो चहा प्यालो.